आतलं मशीन

नवरा घरात शिरला की बूटसुद्धा न काढता आधी कॉम्प्युटरपाशी जायचा आणि टेबलाखालच्या डब्यावर तळहात ठेवायचा. गॅरेजवाला माणूस. गाडीच्या बॉनेटला हात लावून इंजिन कधी बंद झालं ते सांगण्यात त्याचा हातखंडा होता आणि गिऱ्हाइकं त्यावर जाम खूश असत. घरी तेच कसब तो बायकोवर वापरायचा. डबा गार लागला तर चहा मागायचा. गरम लागला तर आधी दार लावून घ्यायचा.

दार लावून घेतलं की पुढे काय होतं, ते तिला लग्नाच्या पहिल्याच वर्षात कळलं होतं. एकदा मैत्रिणीचा मेल वाचला एवढ्यावरून त्याने तिचं मनगट चौकटीवर धरून दार ओढलं होतं. हाड मोडलं नाही, पण भरलेली बादली उचलताना अजूनही तिला ते मनगट दुसऱ्या हाताने धरावं लागे. मारताना तो आवाज चढवत नसे. शेजारीपाजारी त्याला देवमाणूस समजत; कुणाची गाडी बंद पडली की हा सुट्टीच्या दिवशीही हसत खाली जाई. असल्या माणसांबद्दल लोक म्हणतात, जाऊ द्या हो, रागाच्या भरात होऊन जातं. काही होऊन बिऊन जात नाही. हा गृहस्थ मारायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढून फडताळावर ठेवायचा, त्याची काच फुटू नये म्हणून.

कॉम्प्युटर घरात आणला होता तो तिने गॅरेजची बिलं टाइप करावीत म्हणून. सकाळी तो बाहेरून कुलूप लावून निघून जाई. बिलांचं काम चहा गार व्हायच्या आत उरकायचं आणि मग उरलेला दिवस तिला खायला उठायचा. लग्नाआधी ती ड्रॉइंगच्या ऑफिसात होती. पंप, व्हॉल्व्ह, पाइपांची वळणं, सगळं स्क्रीनवर काढायची आणि हात इतका साफ की साहेब तिचं काम न तपासता सही ठोकायचे. लग्नानंतर त्या हाताने फक्त बिलं मारली आणि मार अडवला.

तिची धाकटी नणंद कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. अंबाड्यात कायम स्क्रूड्रायव्हर खोचलेला असायचा, म्हणून दुकानात तिचं नाव पडलं स्क्रू, आणि पुढे घरातही तेच रूढ झालं. भावाला फुकटातला कारागीर म्हणून ती चालायची. एका सुट्टीच्या दिवशी त्याने तिला डब्यातली धूळ काढायला बोलावलं आणि स्वतः शेजाऱ्याच्या गाडीचं बघायला खाली गेला. दार ओढल्याचा आवाज आल्याबरोबर स्क्रूने खिशातून घडी घातलेली जाहिरात काढली.

दुसऱ्या शहरात पंपांचा कारखाना होता. ड्रॉइंगला माणसं हवी होती. परीक्षा घरबसल्या कॉम्प्युटरवर, आणि जो पास होईल त्याला नोकरीबरोबर राहायला एक खोली.

तिने जाहिरात वाचली, मग परत वाचली. "खोलीला कडी आतून असेल ना गं?" तिने विचारलं.

"आतूनच असते वहिनी, सगळ्यांच्या खोलीला," स्क्रू म्हणाली आणि डब्यात फुंकर मारायला खाली वाकली, कारण तिचे डोळे भरून आले होते. आपल्या बापाने आईला असंच संपवलं होतं आणि आपण तेव्हा टेबलाखाली बसून होतो, हे ती विसरली नव्हती. "पण हाताची सवय मोडलीय तुझी. आधी सराव कर. आणि या मशीनवर करू नकोस, दादा सगळं उघडून बघतो. याच्या आत दुसरं मशीन बसवू."

"आत? आत कुठे जागा आहे?"

"डब्यात नाही गं. खोटं मशीन. व्हर्च्युअल. एक खिडकी उघडते, तिच्यात अख्खा दुसरा कॉम्प्युटर चालतो. तिथे केलेलं बाहेरच्या मशीनला ठाऊक नसतं. खिडकी बंद केली की तू दिवसभर नुसती बिलंच केलीस."

"केवढ्याला पडेल?"

"फुकट. फुकटातच तीन आहेत. त्यातलं कुठलं घ्यायचं हाच घोळ आहे."

तो घोळ त्यांनी फोनवर निस्तरला. बहिणीचा फोन म्हणून नवरा विचारत नसे. पहिलं सॉफ्टवेअर दिसायला चकचकीत, पण उतरवून घ्यायचं तर आधी खातं उघडा म्हणे. खात्याला मेल लागतो, आणि घरात मेल एकच, तो नवऱ्याच्या फोनवर वाजणारा. ते बाद झालं. दुसरं सिस्टीमबरोबरच येतं, नुसतं चालू करायचं. पण ते महागातल्या सिस्टीमला मिळतं आणि यांच्याकडे होती घरगुती, स्वस्तातली. "घरगुतीला नाहीच म्हणा काही," ती स्क्रूला म्हणाली. तिसरं सगळ्यांसाठी खुलं. खातं नको, ओळख नको, कुणीही घ्या. दिसायला ओबडधोबड, पण कामाला वाघ.

"हेच घे," स्क्रू म्हणाली. "आता आतल्या मशीनला मेमरी किती द्यायची ते सांग. अर्धी दिलीस तर पळेल."

तिने अर्धी देऊन पाहिली. पळालं खरं, पण पंखा घोंघावायला लागला, आणि डब्यावर हात ठेवला तर चटका.

"मला पळणारं नको," तिने फोनवर सांगितलं. "गार राहणारं हवं."

"गिऱ्हाइकं मला विचारतात कुठलं जास्त पळतं," स्क्रू म्हणाली. "गार कुठलं राहतं म्हणून विचारणारी तूच पहिली." शेवटी पाव मेमरी ठरली. आत हलकीफुलकी सिस्टीम, तिच्यात ड्रॉइंगचं फुकटातलंच सॉफ्टवेअर, आणि सगळं 'जुनी बिलं' नावाच्या फोल्डरात ठेवलेलं. जुन्या बिलांत त्याला कधीच रस नव्हता.

एक बटण स्क्रूने मुद्दाम समजावलं. "हा स्नॅपशॉट. आत्ताची अवस्था जपून ठेवतो. पुढे कितीही मोडतोड झाली तरी हे दाबलं की पहिल्यासारखं. झालेलं झालंच नाही."

"हे तुझ्या दादाला उपजतच येतं," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते. रात्री ओठ फोडणारा माणूस सकाळी मलम आणून द्यायचा आणि भाजी कुठली आणू म्हणून विचारायचा.

आतलं मशीन गोगलगाईसारखं चालायचं. एक रेघ ओढली की ती उमटेपर्यंत ती पुढच्या तीन रेघा मनात मांडून ठेवायची. पण हात परत वळायला लागला. पंपाचं कवच, आतलं पातं, बोल्टांची भोकं. मापं तिला अशी आठवत गेली जशी माहेरची माणसं आठवतात. दुपारी खिडकी बंद करायची, टेबलफॅन डब्याकडे तोंड करून लावायचा आणि नवरा यायच्या आत तो परत जागेवर ठेवायचा. ती खूश होती, हे कबूल करायला हवं. त्या घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

मग एके दिवशी गॅरेजची वीज गेली आणि तो दुपारीच परतला. कुलपात किल्ली फिरली तेव्हा तिने खिडकी बंद केली, पण टेबलफॅनपर्यंत पोचता आलं नाही. त्याने तळहात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला, आणि दार लावून घेतलं.

"काय चालू होतं?"

"बिलं."

"बिलांनी एवढं तापत नाही." घड्याळ फडताळावर गेलं. त्याने तिला केसांना धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः सगळं उघडून पाहत बसला, तिचे केस सोडलेच नाहीत. मेल पाहिले, फोटो पाहिले, कुठली पानं उघडली ते पाहिलं. काहीच नव्हतं. सापडलं असतं तर त्याने मारलं असतं. सापडलं नाही म्हणून जास्त मारलं. तिचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं, पुढचा दात अर्धा तुटला आणि कीबोर्डवर रक्त सांडलं. ती जमिनीवर पडल्यावर त्याने बरगडीत लाथ घातली, मग थांबून दुसरी घातली, आणि तिलाच ओलं फडकं आणून कीबोर्ड पुसायला लावला. पुसता पुसता तिच्या मनात एकच होतं, जुनी बिलं त्याने उघडली नाहीत.

बरगडी धड बरी व्हायच्या आत परीक्षेचा दिवस आला. परीक्षेला कॅमेरा लागतो म्हणून स्क्रूने दुकानातला एक पिठाच्या डब्यात लपवून ठेवायला दिला होता. नवरा कुलूप लावून गेल्यावर तिने कॅमेरा जोडला, आतलं मशीन उघडलं, परीक्षेचा प्रोग्राम चालू केला. आणि स्क्रीनवर एक चौकट आली: ही परीक्षा व्हर्च्युअल मशीनमध्ये देता येणार नाही. कृपया खरं मशीन वापरा.

तिने स्क्रूला फोन लावला.

"त्या प्रोग्रामला फसवायची एक युक्ती आहे," स्क्रू म्हणाली. "पण पकडलं गेलं तर कायमचं बाद करतात. वहिनी, मी सांगू शकत नाही. तू ठरव."

बाहेरच्या मशीनवर परीक्षा द्यायची म्हणजे सगळं उघड्यावर. खुणा राहणार, डबा तापणार, आणि तो मध्येच आला तर लपायला खिडकीच नाही. तिने जिभेने तुटका दात चाचपला. मग आतलं मशीन बंद केलं आणि प्रोग्राम खऱ्या मशीनवर चढवला. नाव भरलं, पत्ता भरला, दारावरच्या क्रमांकासकट. कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला.

"नमस्कार मॅडम. मी आज तुमची पर्यवेक्षक. पेपर संपेपर्यंत मी तुम्हाला बघत असेन. खोलीत तुम्ही एकट्याच ना?"

"एकटीच."

खऱ्या मशीनवर रेघा पाण्यासारख्या पळाल्या. पंखा बोंबलत होता, बोंबलू दे. पंपाचं कवच झालं, छेद झाला, मापं टाकायला घेतली, आणि किल्ली फिरली.

तो आत आला तो सरळ तिच्यावरच. हात उचललेला होता.

"मॅडम, तुमच्या मागे कोण आहे?" स्पीकर म्हणाला.

उचललेला हात तिथल्या तिथे डोक्याकडे गेला आणि केस नीट करू लागला. त्याने कॅमेऱ्याचा दिवा पाहिला. "मी मिस्टर यांचा," तो हसून म्हणाला. तोच आवाज, गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला.

"सर, परीक्षा चालू आहे. तुम्हाला बाहेर थांबावं लागेल."

"हो हो, सॉरी हं. चालू द्या तुमचं." तो आतल्या खोलीत गेला आणि दार हलकेच ओढून घेतलं. पण पूर्ण लावलं नाही. फटीतून त्याचे बूट दिसत होते, आणि फडताळावर घड्याळ ठेवल्याचा आवाज तिने ओळखला.

तेव्हा तिला कळलं की तो दिवा लागलेला आहे तोवर हा माणूस तिला हात लावू शकत नाही. इतकी वर्षं ती कुणाला दिसू नये म्हणून धडपडत होती आणि वाचवणारी गोष्ट नेमकी उलटी निघाली. तिने मापं टाकली. एकही चुकलं नाही. शेवटचं बोल्टाचं भोक झालं आणि करायला काही उरलं नाही.

"झालं असेल तर पाठवा मॅडम," आवाज म्हणाला. "पाठवलं की कॅमेरा आपोआप बंद होईल."

तिचं बोट बटणावर थांबलं. दाराच्या फटीतले बूट हलले.

"मॅडम?"

"मी पाठवते," ती म्हणाली. तिने आवाज खाली आणला नाही. "पण कॅमेरा बंद झाला की माझा नवरा मला मारणार आहे. तो दारामागे उभा आहे. हा दात त्यानेच तोडला. बाहेरून कुलूप लावून जातो. माझा पत्ता तुमच्याकडे आहे."

बाई म्हणाली, "मी इकडून कॅमेरा चालू ठेवते. पाठवा तुम्ही. पोलिसांना फोन लावतेय, उठू नका." तिने बटण दाबलं. "पोचला पेपर," बाई म्हणाली, आणि त्याच वेळी दार भिंतीवर आपटलं.

यावेळी त्याला दिव्याची फिकीर नव्हती. त्याने तिला खुर्चीसकट खाली पाडलं आणि कीबोर्ड उचलून डोक्यात घातला. त्याची बटणं फरशीभर उडाली. "ए, हात लावू नकोस तिला," स्पीकर ओरडला, मॅडम नाही, सर नाही, "दिसतोयस तू मला, सगळं दिसतंय." त्याने वायर उपटली. स्क्रीन काळी झाली, आवाज तुटला आणि घरात दोघंच उरले. मग त्याने जे केलं ते सवयीने केलं, लाथ, मूठ, परत लाथ, आणि दुखऱ्या बरगडीचं या खेपेला काय झालं ते तिला आतून ऐकू आलं. त्याने गळा धरला तेव्हा तिने त्याच्या अंगठ्यात उरलेले दात रुतवले आणि सोडले नाहीत. तो किंचाळला. इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज तिने पहिल्यांदा ऐकला.

बेल वाजली. मग कुणीतरी दार बडवायला लागलं.

तो उठला. अंगठा शर्टात गुंडाळला, श्वास सारखा केला, दार उघडलं. दारात दोन पोलीस, मागे जिन्यावर शेजारी, ज्यांच्या गाड्या तो दुरुस्त करायचा.

"काही नाही साहेब," तो म्हणाला. "बायको पडली जरा."

ती भिंतीला धरून उभी राहिली. तोंडात रक्त होतं, ते तिने त्यांच्या देखत फरशीवर थुंकलं आणि दारापर्यंत आली.

"पडले नाही. याने मारलं."

शब्द तुटक्या दातातून फुसफुसत निघाले. पुढचा पोलीस कान पुढे करून म्हणाला, "काय म्हणालात?"

तिने उंबरा ओलांडला, शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तेच परत सांगितलं, जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.