दुधाच्या पिशवीवरचं वासरू

मी एक बोधचिन्ह बोलतोय. तुम्ही ज्याला लोगो म्हणता, तो मी. दुधाच्या पिशवीवर मान वळवून उभं असलेलं निळं वासरू आठवतंय? पेपरात फोटो आला होता, तेच.

मला येरवड्याच्या आम्रपालीनं काढलं. खडकीचे डेअरीवाले उत्तरेश्वर तिला म्हणाले होते, वाचता न येणाऱ्यालाही दुरून ओळखू आलं पाहिजे. तिनं कितीतरी वासरं काढून फाडली. शेवटी एका रेघेत मी जमलो. शेजारच्या वेणूबाईंना अक्षरओळख नव्हती, म्हणून तिनं मला आधी त्यांनाच दाखवलं.

"वासरू आहे. आईला शोधतंय," त्या म्हणाल्या. मी पास झालो.

सुरुवातीला दूध खरंच चांगलं होतं. मी टेम्पोंवर, दुकानांच्या शटरवर झळकलो. लोक डेअरीचं नावही घेत नसत, 'वासराची पिशवी द्या' म्हणत. मागणी वाढली, दूध पुरेना, तेव्हा उत्तरेश्वरांनी त्यात पावडर, तेल आणि नको नको ते मिसळायला सुरुवात केली. ते सगळं माझ्या पाठीमागे, पिशवीतच होतं. पण चित्र ओरडणार कसं?

उन्हाळ्यात आम्रपालीच्या वस्तीत हे दूध प्यायलेल्या मुलांना उलट्या सुरू झाल्या. बाकीची वाचली. वेणूबाईंची नात सृष्टी, जेमतेम चालायला लागलेली, दवाखान्यातून परत आली नाही.

काही दिवसांनी वेणूबाई आम्रपालीच्या दारात आल्या. आवाज चढवला नाही. "दुसरी पिशवी स्वस्त होती गं. मी तुझं वासरू बघून ही घेतली."

 त्याच आठवड्यात आम्रपालीला उत्तरेश्वरांचा फोन आला. चौकशी चालू आहे, नाव खराब झालंय, तेव्हा नवं नाव आणि नवं चिन्ह हवं, असं ते शांतपणे सांगत राहिले.

"आणि दूध?" तिनं विचारलं.

"दुधाचं आम्ही बघतो. तुम्ही चित्राचं बघा."

तिनं काम नाकारलं आणि वेणूबाईंना घेऊन तक्रार नोंदवायला गेली. तक्रार घेतली गेली. निकाल अजून नाही. नवं चिन्ह दुसऱ्याच कुणीतरी काढलं: हिरवं, टवटवीत पान.

मी आता मंडईजवळच्या एका शटरवर अर्धा खरवडलेला उरलोय. माझ्यासारख्यांकडे बघून विश्वास टाकू नका, एवढंच सांगायचं होतं. काल समोर एका बाईनं ती पानाची पिशवी उचलली, उलटसुलट करून पाहिली. "ही बरी दिसतेय," म्हणाली, आणि कडेवरचं मूल सावरत घेऊन गेली.