गप्प बसलेल्यांचं मत

गेर्लिंडबाई नेहमीप्रमाणे सहा वाजून दहा मिनिटांनी उठल्या. कॉफी ठेवली, अंडे साडेचार मिनिटे उकडले, राईच्या पावाच्या दोन कापांना लोणी लावले आणि त्यांतला एक कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकला. भागधारकांच्या सभेत जेवण फुकट असते हे त्यांना ठाऊक होते. पण त्या जेवणापायी मागच्या वर्षी काय झाले, तेही त्या विसरल्या नव्हत्या. सात वाजता त्यांनी वृद्धाश्रमात बहिणीला फोन केला.

"झोप लागली बरी," क्रिस्टा म्हणाली. "घंटा दाबायची वेळच आली नाही."

मदतीला परिचारिका बोलावण्याची ती घंटा टेसामाट कंपनीची होती. गेर्लिंडबाईंनी तिथे एकतीस वर्षे काढली होती आणि कंपनीचे थोडे शेअरही त्यांच्याकडे होते. आधी जोडणी विभागात आणि शेवटी मदतीच्या फोनवर. कुठल्याही आश्रमातली घंटा बंद पडली, की तिथल्या परिचारिकेला धीर देत दुरुस्ती सांगणारी सहा माणसे होती. मुख्याधिकारी फाल्क हार्मसेन यांनी तो विभाग मोडून तिथे उत्तरे देणारे यंत्र बसवले. फेब्रुवारीत क्रिस्टाच्या मजल्यावरच्या घंटा बंद पडल्या. परिचारिका फोन करत राहिली, यंत्र तेच तीन पर्याय पुन्हा पुन्हा ऐकवत राहिले. आणि पहाटे न्हाणीघरात पडलेली क्रिस्टा चाळीस मिनिटे मुके बटण दाबत राहिली.

हाच फाल्क एकोणिसाव्या वर्षी गेर्लिंडबाईंच्या टेबलावर तारांना डाख द्यायला शिकला होता. हात थरथरायचा, म्हणून त्या त्याचे मनगट धरून ठेवायच्या. आजच्या सभेत त्याच्या वर्षभराच्या कारभाराला मान्यता द्यायची की नाही, यावर मतदान होते.

झोस्ट गावच्या सभागृहात दहा वाजता सुरू झालेली चर्चा बारा वाजले तरी संपली नव्हती. लहान भागधारकांच्या वकील बेटेनवर्थबाई म्हणाल्या, "शेअरचा भाव तीन वर्षांत निम्म्यावर आला. साहेबांचा बोनस मात्र दरवर्षी जिना चढतोय, दम कसा लागत नाही त्याला?"

"खर्च उतरतोय," एका गुंतवणूक कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला. "आम्ही धीर धरायला तयार आहोत."

"तुम्ही धरा हो," मागून कुणीतरी ओरडले, "मी ब्याऐंशीचा आहे!"

हसू उमटले आणि लगेच विरले. फाल्क मंचामागच्या मदतनिसांकडून येणारे कागद उचलून उत्तरे वाचत होता. त्याचा आवाज बसला होता.

मधल्या सुट्टीत बाहेर जेवणाच्या दालनात विल्फ्रीड भेटला. मदतीच्या फोनवर तो शेजारच्या खुर्चीत बसायचा.

"अगं, बोलायला नाव दिलंयस ना? कितवा नंबर?"

"एकोणतीस."

"मग नाताळपर्यंत येईल. सॉसेज खा."

इथली रीत अशी, की मतदानात फक्त 'नाही' आणि 'तटस्थ' या चिठ्ठ्या गोळा करतात. बाकीचे सगळे, खुर्चीत डुलक्या घेणारे असोत की बाहेर सॉसेजच्या रांगेतले, 'होय'मध्ये धरले जातात. मागच्या वर्षी गेर्लिंडबाईंचे 'होय' बटाट्याच्या सॅलडची दुसरी वाटी घेताना झाले होते.

"सॉसेजबरोबरची मोहरीची चटणी संपवली नाहीत ना, गेर्लिंडबाई?"

फाल्क समोर उभा होता.

"किती रे वाळलास."

"सकाळपासून शिव्यांवरच आहे," तो हसला. "क्रिस्टाबाई ठीक?"

गेर्लिंडबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. "मी मार्चमध्ये तुला पत्र लिहिलं होतं."

"उत्तर मिळालं ना? प्रत्येक पत्राला उत्तर जाईल अशी व्यवस्थाच केलीय मी."

"मिळालं. खाली तुझी सही होती. 'आपल्या घंटेचे बटण नीट दाबले आहे ना, हे तपासावे.'" मग त्यांनी विचारले, "माझ्या पत्रात काय होतं रे, फाल्क?"

कुणीतरी त्याच्या कोपराला स्पर्श केला.

"मी... बघून सांगतो."

"जा बाबा. बोलावतायत तुला."

त्यांना राग आला नाही. राग येता तर बरे, असे मात्र वाटले. तेवढ्यात ध्वनिवर्धकावरून अध्यक्षांनी जाहीर केले, की वेळेअभावी बाविसाव्या वक्त्यानंतर चर्चा संपेल. पुढे मतदान.

"बघ, बोललो नव्हतो?" विल्फ्रीड म्हणाला. "एवीतेवी त्याला मान्यता मिळणारच. मोठ्यांची मतं आधीच ठरलेली असतात. चल, रांग कमी झालीय."

"तू हो पुढं."

मतदान पुकारले गेले तेव्हा त्या सभागृहाच्या दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी मतपत्रिकांच्या गठ्ठ्यातून फाल्कच्या नावाची 'नाही' चिठ्ठी दुमड पाडून सावकाश फाडली. हात थरथरला, त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरले आणि चिठ्ठी पेटीत टाकली.

मग जेवणाच्या दालनात परत येऊन टेबलाशी बसल्या आणि पर्समधला पाव काढला.