खांब बुडवायच्या हौदाखालची माती

मी एक जुनी माती आहे, मित्रांनो. सुताराच्या कारखान्यामागे, कुंपणाच्या कडेला माझा तुकडा आहे. एकेकाळी इथे एक हौद होता. वाळवी लागू नये म्हणून लाकडी खांब त्यातल्या औषधात बुडवत आणि निथळायला माझ्यावर उभे करत. औषधात सोमल होता. सोमल म्हणजे विष. थेंबाथेंबाने तो माझ्यात उतरला.

तरी माझ्यातून कुणाला काही झालं नाही. माझ्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जिवाणू राहतात. हवा खेळती होती तोवर ते माझ्यातल्या लोखंडाचा गंज करत राहिले, आणि सोमल त्या गंजाला घट्ट चिकटून बसला. पुढे हौद मोडला. माझ्यावर गवत माजलं. लोक मला विसरले.

मग सुताराच्या मुलाला तळ्याची हौस आली. त्याने माझ्याभोवती बांध घातला, पाणी साठवलं आणि माशांसाठी शेण, पालापाचोळा टाकला.

"बदकंही आणू," तो म्हणाला.

"आणा की. बसून खाणारे तुम्ही एकटेच आहात घरात, सोबत होईल," त्याची बायको म्हणाली.

म्हातारा सुतार ओट्यावरून हसला. हौद कुठे होता ते त्याला आठवत होतं. पण औषध केव्हाच धुऊन गेलं असेल, असं तो धरून चालला.

पाण्याखाली माझा जीव कोंडला. जिवाणूंना हवा मिळेना. ते पाचोळा खाऊ लागले आणि हवेऐवजी गंजावर निभावू लागले. गंज विरघळला. सोमल सुटला आणि खाली झिरपत घरच्या हातपंपाच्या पाण्यात गेला. पहिली धार जराशी तांबूस येई, नंतर काचेसारखं नितळ पाणी. "पाइप गंजला असेल," म्हणून सगळे ते पीत राहिले.

काही वर्षांनी नात म्हाताऱ्याजवळ आली.

"आबा, माझे तळहात बघा ना. टोचतात."

"आई भांडी घासायला लावते वाटतं?"

"मी कुठली घासते."

म्हाताऱ्याने तिचा हात उजेडात धरला. तळव्यावर बारीक, कठीण गाठी होत्या. असे हात त्याने एकाचेच पाहिले होते. तो गडी हौदावर काम करायचा आणि हात न धुताच जेवायला बसायचा. तो फार जगला नाही.

म्हातारा उठला आणि त्याने पंपाचा दांडा खोलून काढला.

"अहो बाबा, पाणी भरायचंय अजून," सून म्हणाली.

"हे पाणी नको. पोरीला आधी दवाखान्यात न्या. आणि त्याला म्हणावं, बांध फोड."

मित्रांनो, आता बांध फुटला आहे. मला हवा लागते आहे. गंज पुन्हा धरेल, जिवाणू जुन्या कामाला लागतील, पण सावकाश. जे पाणी निसटलं, ते कुंपण ओळखत नाही. मातीवर पाणी अडवण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते विचारत जा.

घराला कुलूप आहे. सगळे पोरीबरोबर गेले आहेत. त्या घाईत शेजाऱ्यांना कुणी काही सांगितलं नाही. कुंपणापलीकडे त्यांचा पंप कुरकुरतो आहे, कळशी भरते आहे. मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन सांगा.