थांब म्हणणारे शेजारी

सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. पुढे मूल होत नसलेल्या बायका, भिंतींना टेकून त्यांचे नवरे आणि दारात सासवा. दारात अशासाठी, की कुणी मध्येच उठून जाऊ नये.

पडद्यावर एक भलामोठा गोल. उंदरिणीचं बीजांड, सूक्ष्मदर्शकातून थेट. त्या गोलाच्या पोटात एक छोटं कडं.

"बघा, लेकींनो!" मंचावरून बीजगुरू गरजला. "हाच तो डाग. हेच ते कुलूप. डॉक्टरांच्या सुयांनी घट्ट होतं, माझ्या शब्दानं उघडतं. म्हणा, जागं हो!"

"जागं हो!"

बायका तास-दोन तास घसा फोडत राहिल्या. आणि कडं विरलं. डोळ्यांदेखत.

"उंदरिणीचं ऐकलं," बीजगुरू म्हणाला, "मग तुमचं का नाही ऐकणार?"

"उंदरिणीला कधी अडचण होती म्हणा!" मागून एक नवरा पुटपुटला. कुणी हसलं नाही. माझी धाकटी बहीण हुंदके देत होती.

थांब.

आधी तिचं सांगायला हवं. धाकटी चष्म्याच्या दुकानात काम करते. उपचारांचे दोन प्रयत्न फसले होते. हा शेवटचा, कारण डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, अंडाशयात आता फारसं काही उरलेलं नाही. बीजांडं वाढली होती. ती पिकवणारं इंजेक्शन तेवढं बाकी होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

बीजगुरूची अट एकच: यापुढे सुई नाही.

"ताई, मी नाही घेणार."

"अगं, वेड लागलंय का तुला?"

"तुझ्या शास्त्रानं मला दोनदा रिकाम्या हातानं घरी पाठवलं. बीजगुरूनं निदान काहीतरी दाखवलं तरी!"

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. उत्तरं फळ्यावर लिहायची सवय, बहिणीच्या डोळ्यांत बघून द्यायची नाही.

थांब.

सकाळी तिला ओढतच प्रयोगशाळेत नेलं. तिच्या सासूबाई पाठोपाठ आल्याच. "उंदीर? शी! इथे काय बघायचंय?"

उंदरिणीच्या अंडाशयातून काही बीजांडं मोकळी करून मी कोमट पोषक द्रवात ठेवली. दुसऱ्या बशीतली मात्र त्यांच्या इवल्या पिशव्यांतच राहू दिली, भोवतालच्या पेशींच्या गराड्यात. धाकटीनं भिंगाला डोळा लावला, चाक फिरवलं आणि माझ्यापेक्षा स्वच्छ चित्र मिळवलं.

"आहे. डाग आहे."

"आता मंत्र म्हण. पण उलटा. शब्दानं उठत असेल, तर शब्दानं झोपेलही."

"तुझं आपलं काहीतरीच, ताई."

पण म्हणाली. दोन्ही बश्यांसमोर. "झोप." आधी लाजत. मग मोठ्यानं. मग ओरडून: "झोप! उठू नकोस! रोज आशेनं उठून मला काय मिळालं?"

सासूबाईंनी मान फिरवली.

दुपार व्हायच्या आत मोकळ्या बीजांडातलं कडं फिकं झालं. मग नाहीसंच.

धाकटी भिंगावरून हलली नाही. "माझं कुणीच ऐकत नाही," म्हणाली. "अंडंसुद्धा."

मग दुसऱ्या बशीतल्या पिशव्या उघडल्या. आतल्या बीजांडांत कडं जसंच्या तसं.

"हे का नाही उठलं?" हा प्रश्न सासूबाईंचा.

थांब.

हाच तो शब्द, जो मी मघापासून गोष्टीत मध्ये मध्ये घुसवते आहे. बीजांडाभोवतीच्या पेशी बारीक वाटांनी त्याच्याकडे सतत एक रेणू पाठवत असतात. नाव सायक्लिक जीएमपी. म्हणायला मंत्राहून अवघड, पण काम खरं. निरोप एकच: थांब. ते कडं म्हणजे डाग नव्हे, बीजांडाचं केंद्रक. वेळ आली की मेंदूकडून संप्रेरकाची लाट येते. ती बीजांडाला उठवत नाही, त्या शेजारी पेशींना गप्प करते. शेजारी गप्प झाले की बीजांड आपसूक पिकायला लागतं आणि कडं विरतं.

बीजगुरू शेजाऱ्यांपासून तोडलेलं बीजांड बशीत ठेवतो. ते तसंही पिकणारच असतं. मंत्र म्हणा, पाढे म्हणा, नाहीतर खुशाल घोरा.

"म्हणजे सुई..." धाकटी अडखळली.

"त्या लाटेचं काम करते. तुझ्या पोटात ते शेजारी शाबूत आहेत, बाई. त्यांना सभागृहातलं ऐकू जात नाही."

"मग मूल होईल?"

हो म्हणणं किती सोपं होतं! बीजगुरू रोज म्हणतो.

"माहीत नाही," मी म्हणाले. "सुई घेतली नाहीस, तर बीजांडं कच्ची राहतील. घेतलीस, तर निदान एक संधी राहील. मला एवढंच माहीत आहे."

ती रडली. मी थोपवलं नाही. मग सासूबाई उठल्या आणि तिची पर्स त्यांनी स्वतःच्या खांद्याला अडकवली. काल दारात पहारा देत होत्या त्या. आज दार त्यांनीच उघडलं.

"चल गं," म्हणाल्या. "दवाखान्यात वेळेवर पोचायला हवं."

धाकटीनं सुई घेतली. पुढे काय होईल, मला अजून ठाऊक नाही. सभागृहात उद्याही गर्दी असेल. त्यात तुमची लेक, सून, बहीण असेल, तर तिला हसू नका. तिचं दुःख खरं आहे, खोटा तो पडद्यापुढचा माणूस. तिला एवढंच विचारायला लावा: हे मंत्राविना झालं असतं का? उलट्या मंत्रानं झालं असतं का? हा प्रश्न विचारताना कुणी "थांब" म्हणालं, तर तिथे मात्र थांबू नका.