शेवटच्या घरासाठी ठेवलेली बाटली

मित्रांनो, गुरांच्या सरकारी दवाखान्यात कपाटावर मोडक्या छत्रीशेजारी बसलेली जुनी निळी पेटी म्हणजे मी. पूर्वी माझ्यात लस असे. आता गंजके खिळे आहेत आणि एक कुलूप आहे, त्याची किल्ली कोणाकडेच नाही.

माझं काम एकच होतं, पोटातला गारवा टिकवायचा. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी माझ्या आत हिवाळा असे. त्याचा मला भारी तोरा होता.

सरकारकडून घटसर्पाची लस फुकट येई. हा गुरांचा फार वाईट आजार. सकाळी गळा सुजतो आणि संध्याकाळपर्यंत जनावर हातचं जातं. दवाखान्यातले शिपाईमामा मला खांद्याला अडकवून डॉक्टरीणबाईंच्या मागे घरोघर हिंडत. लोक म्हणत, "आली बरं का निळी पेटी!" मग मी मनातून फुलून जाई.

सगळ्यात शेवटचं घर टेकडीपलीकडच्या आत्याबाईंचं. त्या एकट्या, आणि त्यांची गायही एकटीच. दिवसभर त्या तिच्याशीच बोलत, कधी तिच्यावर रुसतही.

एका वर्षी उन्हाळा फार कडक होता. इतक्या लांब जाईपर्यंत आत्याबाईंची लस तापेल, अशी मामांना काळजी वाटली. त्यांनी मायेने तिची बाटली वेगळी काढली आणि माझ्या तळाशी बर्फाच्या लाद्यांमध्ये दाबून बसवली. मीही माझा सगळा गारवा पणाला लावला.

आत्याबाईंच्या अंगणात डॉक्टरीणबाईंनी ती बाटली उजेडात धरली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"मामा, ही गोठलीय. ही लस गार हवी, पण गोठली की वाया जाते."

"मग आता?" मामांच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीच्या बाटल्या वाटेत संपल्या होत्या आणि दवाखान्यातही एक उरली नव्हती.

आत्याबाई गायीच्या गळ्याखालून हात फिरवत म्हणाल्या, "बाई, तीच टोचून टाका हो. तेवढाच मला धीर."

"खोटा धीर कसा देऊ, आत्याबाई? दुसरी मागवते."

त्यांनी वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं, फोनवर फोन केले. लस यायला तीन आठवडे लागले. गाय सोळाव्या दिवशीच घटसर्पाने गेली. मित्रांनो, मी माझ्या गारव्यावर पहिल्यांदाच चिडले.

डॉक्टरीणबाईंनी खटपट करून सरकारकडून दुसरी गाय मंजूर करून आणली. आत्याबाईंनी हात जोडले. "नको गं बाई. या वयात परत कोणाला जीव लावू?"

त्या दिवशी डॉक्टरीणबाई फाटकाबाहेर गेल्यावर मामा मागे थांबले. "आत्या, बर्फ मीच जास्त घातला होता."

आत्याबाईंनी गायीचं दावं गुंडाळून खुंटीला अडकवलं. मग म्हणाल्या, "माझ्यासाठीच घातलास ना? पण आता गोठा रिकामा. यादीतून माझं नाव जाणार. तू तरी कशाला येशील इकडे?"

नाव गेलंच. यादी गुरं असलेल्यांची होती.

पुढच्या फेरीला सगळी घरं उरकल्यावर डॉक्टरीणबाई माघारी वळल्या आणि मामा टेकडी चढू लागले. मी खांद्यावर होते, अगदी रिकामी. आत्याबाई लगबगीने बाहेर आल्या.

"अरे, गाय नाही आता!"

"ठाऊक आहे. पाणी दे आधी."

दोघं तासभर बोलत बसली. मामा निवृत्त होईपर्यंत दर फेरीला हेच चाललं.

आता मामा मुलाकडे दूर राहायला गेलेत. दवाखान्याला नवी गाडी आली आहे. तिच्यात थंडीचं कपाटच आहे, लस ना तापते ना गोठते. मला आनंदच आहे. पण गाडी यादी पाहून फिरते, आणि टेकडीपाशी येऊन मागे वळते.

मित्रांनो, लस कशी जपावी हे तुम्हाला कोणीही शिकवेल. मी इथून ओरडले तरी कोणाला ऐकू जात नाही, म्हणून तुम्हाला सांगते. टेकडीपलीकडे एक घर आहे. आत्याबाई अजून तिथेच आहेत. कोणीतरी जा.