शोभा घालवणारी दोरी

मित्रांनो, मी एक जुनी सुती दोरी आहे. कपडे वाळत घालायची. दोन खिळ्यांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या दोरीला कसला आलाय राग, असे तुम्हाला वाटेल. पण मला राग आला आहे, आणि इतके दिवस उलटले तरी तो निवलेला नाही. म्हणून आज बोलते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. एक बाई चाकाचा दांडा फिरवत असे आणि तिची बहीण सुताचे पदर हातात धरून मागे मागे चालत जात असे. ती जेवढी मागे जाई, तेवढी मी लांब होई. पीळ जरा सैल पडला की चाकावरची बाई ओरडे, "अगं, ताण की! उद्या कुणाचं धुणं चिखलात पडलं, तर शिव्या आपल्याला बसतील." असा ओरडा ऐकत ऐकत मी घडले. मग गुंडाळी होऊन एका हार्डवेअरच्या दुकानात गेले. तिथे पुढच्या बाजूला नायलॉनच्या रंगीत दोऱ्या मिरवत होत्या. मी मागे, फडताळाच्या कोपऱ्यात पडून होते.

तिथून मला बाबांनी उचलले. बाबा म्हणजे आमच्या घरातले म्हातारे गृहस्थ. त्यांची सगळी हयात छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेली होती. कुठे वेलांटी चुकली, कुठे शब्द गळला, हे शोधून शोधून त्यांच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे राहायला निघाले, तेव्हा टेम्पोत कपाट बांधायला त्यांना दोरी हवी होती. कपाट तिसऱ्या मजल्यावर पोचले आणि बाबांनी मला गॅलरीत बांधले. गाठ अशी मारली की एका हिसक्यात सुटावी, पण वाऱ्याने कधी सुटू नये.

घरात माणसे मोजकीच होती. बाबांचा मुलगा ट्रक चालवायचा. तो महिन्यातले थोडेच दिवस घरी असे, आणि त्यातलेही बरेचसे झोपेत. सूनबाई सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिला रोज पांढराशुभ्र, कोरडा, कडक गणवेश लागे. शाळेत जाणारी एक मुलगी होती, आणि तिच्या कपड्यांवर रोज शाई, माती आणि रंग यांची प्रदर्शने भरत.

सगळे घराबाहेर पडले की बाबा पिळे भरलेली बादली घेऊन माझ्यापाशी येत. एकेक कपडा असा झटकत की तुषार समोरच्या भिंतीवर उडावेत. सदरा नेहमी खालच्या बाजूने टांगायचा, खांद्यावर चिमट्याचा वण दिसता कामा नये. जाड कपडे कडेला, पातळ मध्ये. सकाळचे ऊन आमच्या गॅलरीत सरळ येई आणि दुपारपर्यंत सगळे धुणे कुरकुरीत होई. संध्याकाळी सूनबाई दमून येई, गणवेश नाकाशी धरी आणि म्हणे, "बाबा, उन्हाचा वास किती छान येतो हो!" बाबा म्हणत, "फुकट आहे, घे लुटून."

विजेच्या बाबतीत बाबा भारी कडक होते. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की, "काय गं, ती खुर्ची पेपर वाचतेय वाटतं?" असे विचारत. फ्रिजच्या दाराचे रबर सैल झाले तेव्हा दार दाबून दाबून तपासले आणि बदलून घेतले. बिल आले की ते सूनबाईच्या हातात देऊन तिच्या चेहऱ्याकडे बघत बसत. ती हसली की यांची छाती फुगे. त्या हसण्यात माझाही वाटा होता, मित्रांनो. मला कुणी तसे बोलून दाखवले नाही, पण मला ठाऊक होते.

मग इमारतीला नवे अध्यक्ष आले.

हे गृहस्थ कडक इस्त्रीचे. त्यांनी इमारतीला नवा रंग दिला. पुढच्या भिंतीवर शोभेचे दिवे लावले. ते दिवे संध्याकाळी लागत आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उन्हातही जळत राहत. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण एके दिवशी जिन्यात सूचना लागली. बाबांनी तिचा मजकूर दारातून आत येता येता मोठ्याने म्हणून दाखवला. गॅलरीत कपडे वाळत घातल्याने इमारतीची शोभा जाते, घरांची किंमत उतरते, सबब गॅलरीतल्या दोऱ्या तत्काळ काढाव्यात. न काढणाऱ्याला दंड. गच्चीला कुलूप.

"शोभा हा शब्द दोन वेळा चुकलाय," बाबा चष्मा काढत म्हणाले. "ज्यांना शोभा लिहिता येत नाही, ते ती सांभाळणार!"

त्या दिवशी मला हसू आले होते. पण दुसऱ्याच आठवड्यात दंडाची चिठ्ठी आली. मुलगा नेमका घरी होता. तो म्हणाला, "बाबा, कशाला वाद घालायचा? सोडा ती दोरी." बाबांनी एक हिसका दिला आणि मी सुटले. माझी गुंडाळी करून त्यांनी ती मोरीबाहेरच्या खिळ्याला अडकवली. इतकी वर्षे ज्यांनी मला पुसून, ताणून, जपून ठेवले, त्यांनी त्या दिवशी माझ्याकडे बघितलेही नाही. मी दोष देत नाही. त्यांना बघवले नसेल.

काही दिवस कपडे घरातच खुर्च्यांवर, दारांवर पडून राहिले. थंडीचे दिवस आले होते. कपडे वाळेनात, त्यांना कुबट वास येऊ लागला. दवाखान्यात मोठ्या सिस्टरने सूनबाईला सगळ्यांसमोर विचारले, "घरी पाणी येत नाही का तुमच्या?" त्या दिवशी ती रडवेली होऊन घरी आली. मग नवऱ्याने हप्त्यावर ड्रायर आणला. कपडे वाळवायचे यंत्र. माझ्या खिळ्याच्या अगदी खाली ते ठेवले.

मित्रांनो, यंत्रावर माझा राग नाही. जिथे महिनोन्महिने ऊन पडत नाही, तिथे ते उपयोगी असेलही. पण आमच्या गॅलरीत ऊन येत होते हो! रोज येत होते. रिकाम्या खिळ्यांवर येऊन परत जात होते. आणि आत ते यंत्र दार बंद करून, वीज जाळून, हवा तापवून तेच काम घरघरत करत होते. मी वरून बघत होते. माझा पीळ न पीळ जळत होता.

पुढचे बिल आले. ते वाचताना सूनबाई हसली नाही. तिने ते घडी करून पर्समध्ये टाकले आणि म्हणाली, "असू दे बाबा, थंडीचं जरा जास्तच येतं." ती एवढेच म्हणाली. पण बाबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या. तिच्या आवाजातले गळलेले त्यांना बरोबर वाचता आले.

त्यानंतर त्यांनी काय केले, ते फक्त मला दिसत होते.

सगळे बाहेर गेले की ते आपल्या खोलीतला हीटर बंद करत. शाल गुंडाळून खिडकीशी बसत. दिवसा दिवा नाही, दुपारी जेवण गरम करणे नाही. आणि गीझरचे बटण बंद. सकाळी सून आणि नात ऊन पाण्याने अंघोळ करून गेल्या की हा म्हातारा माणूस थंडगार पाण्याची बादली भरे. पहिला तांब्या अंगावर घेताना त्यांच्या तोंडून जो आवाज निघे, तो मी मोरीच्या दाराबाहेरून रोज ऐकला. खिळ्यावरून ओरडता आले असते, तर सगळी इमारत गोळा केली असती.

एक दिवस सूनबाईची पाळी बदलली आणि ती लवकर घरी आली. मोरीतून पाण्याचा आवाज येत होता. तिने सवयीने गीझरच्या बटणाकडे बघितले आणि थबकली. बाबा पंचा गुंडाळून बाहेर आले, तर ती समोर.

"बाबा, गीझर बंद आहे."

"हो का? राहिला वाटतं लावायचा."

"ओठ निळे पडलेत तुमचे. किती दिवस चाललंय हे?"

"अगं, थंड पाण्यानं तरतरी येते."

"बाबा!"

बाबांनी ड्रायरकडे बोट दाखवले. "त्याला पण ऊब द्यायची आणि मला पण, कसं जमायचं? तुझा गणवेश तर वाळलाच पाहिजे."

त्यांना पलंगावर बसवून तिने दोन पांघरुणे घातली, चहा दिला. कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसली. ताप होता. ज्या दवाखान्यात ती दुसऱ्यांच्या वडिलांची छाती तपासून घेत होती, त्याच दवाखान्यात संध्याकाळी तिने आपल्या सासऱ्यांना दाखल केले. न्यूमोनिया झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती थेट माझ्यापाशी. खिळ्यावरून मला ओढले, गॅलरीत नेले आणि करकचून बांधले. बाबांची गाठ तिला येत नव्हती. तिने आपली गाठीवर गाठ मारली. मग बाबांचे सगळे कपडे धुऊन माझ्यावर टाकले. पांढरे सदरे, लेंगे, बनियन, सगळे रस्त्याच्या बाजूला तोंड करून. वाऱ्यावर ते असे फडफडले की खालून जाणारी माणसे वर बघू लागली.

दंडाची चिठ्ठी आली. तिने ती फाडली. मग सभेचे बोलावणे आले. सभेला जाताना तिने मला सोडवले, गुंडाळले आणि हातात घेतले. म्हणून पुढचे मी स्वतः पाहिले आहे.

खालच्या हॉलमध्ये सगळी बिऱ्हाडे जमली होती. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण नियम तो नियम. उद्या उठून प्रत्येक जण आपापली लक्तरं बाहेर टांगायला लागला तर?"

सूनबाईने मला टेबलावर ठेवले. "ही आमची दोरी. हिच्यामुळे घरांची किंमत उतरते म्हणता. माझे सासरे बिल वाचवायला थंड पाण्यानं अंघोळ करत होते. त्यांच्या छातीत कफ साचलाय, श्वास घेताना खरखर ऐकू येते. त्याची किंमत किती उतरली, तेही लावा ना एकदा जिन्यात."

अध्यक्ष खाकरले. "म्हणजे... वाळवायचे दुसरे मार्ग असतात. बाकीचे लोक नाही का पाळत नियम?"

तेव्हा तळमजल्यावरच्या शिंपीणबाई उठल्या. आधी खाली बघत, मग मान वर करून म्हणाल्या, "मी पलंगाच्या मागे वाळवते. दिवसभर पंखा लावून. बिल भरायला जादा शिवण घ्यावं लागतं."

"आम्ही मोरीत," कुणीतरी मागून म्हणाले.

"आम्ही ओल्यावरच इस्त्री फिरवतो. दोन इस्त्र्या जळाल्या."

"मी कठड्याच्या खाली लपवून घालते. रांगत जाऊन काढते हो कपडे, या वयात!"

आता हॉलमध्ये हशा पिकला. पण तो हसरा हशा नव्हता. आपण सगळेच इतके दिवस चोरासारखे वागत होतो, आणि चोरी कसली, तर धुतलेल्या कपड्यांची, हे कळल्यावर माणूस जसे हसतो तसा होता. हशा ओसरला तेव्हा पहिल्या रांगेतून अध्यक्षांच्या पत्नी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुण्यांच्या खोलीत. हीटर लावून. म्हणून तर पाहुण्यांना नको म्हणतो आम्ही."

अध्यक्षांनी विषय पुढच्या सभेवर ढकलला. नियम आजही कागदावर तसाच आहे, कुणी माफी मागितलेली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गच्चीला कुलूप दिसले नाही, आणि हळूहळू गॅलऱ्यांतून दोऱ्या दिसू लागल्या. त्यांत अध्यक्षांच्या गॅलरीतही एक आहे. निळी, नायलॉनची.

ड्रायर विकून टाकला. बिल उतरले. बाबा घरी आले, आणि आल्या आल्या त्यांनी सूनबाईच्या गाठी सोडून आपली गाठ मारली. सगळे जागच्या जागी आले असे कुणालाही वाटेल.

पण मित्रांनो, बिल उतरले तरी बाबांचा दम परत आला नाही. पूर्वी अख्खी बादली एका दमात वाळत घालणारा हा माणूस आता दोन सदरे टाकतो आणि कठड्याला धरून उभा राहतो. छाती वरखाली होते. मग तिसरा सदरा उचलतो. माझा राग निवत नाही, तो यासाठी.

माझे पदर आता विरत चालले आहेत. माझ्या जागी एक दिवस नवी दोरी येईल, त्याचे मला काही नाही. फक्त एक मागणे आहे. तुमच्या घरात काटकसर चालू असेल, तर वीज कुठे वाया जाते ते जरूर शोधा. पण त्याच वेळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या अंघोळीच्या पाण्यात एकदा हात घालून बघा. ते ऊन आहे ना, तेवढे बघा. तो माणूस स्वतःहून सांगणार नाही. आणि स्वच्छ धुतलेला सदरा उन्हात टांगायची लाज वाटावी असे कुणी सांगितले, तर त्याला विचारा की लाज नक्की कशाची वाटायला हवी.

आत्ता बाबा गॅलरीत आले आहेत. बादलीत नातीचा गणवेश आहे, बाहीवर शाईचा डाग तसाच. एक चिमटा त्यांच्या ओठांत आहे. श्वास लागला म्हणून ते जरा थांबले आहेत. मी ताणून उभी आहे. सावकाश घाला, बाबा. ऊन अजून पुष्कळ आहे.