मोजणीदार घोड्यावर बसले

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मोजणीदारांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण गल्लीत त्यांना अजून सगळे मोजणीदारच म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. साखळी गेली, टेप आली, पुढे यंत्रं आली, पण सवय काही गेली नाही. कुणाच्या नव्या घरी बोलावणं आलं, तर पाण्याचा पेला हातात यायच्या आत ते नजरेनं खोली मोजत आणि "जागा छान आहे, पण हा कोपरा काटकोनात नाही," असं सांगून यजमानाचा चेहरा पाडत.

डॉक्टरांनी सहा आठवडे घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं. पहिल्याच आठवड्यात बायकोच्या नाकी नऊ आले. ती घरीच पडदे शिवून द्यायची. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, कापडांचे गठ्ठे, कड्यांचे डबे. गल्लीनं तिचं नाव पडदेबाई पाडलं होतं. आता त्याच खोलीत आरामखुर्चीत पाय लांब करून मोजणीदार बसलेले, आणि कात्री कापडाला लागली रे लागली की मागून आवाज, "दीड इंच कमी पडेल."

तिसऱ्यांदा तो आवाज आला तेव्हा पडदेबाईंनी कात्री खाली ठेवली आणि लेकीला फोन लावला.

"तुझ्या बाबांना कशात तरी गुंतव. नाहीतर मी त्यांना गुंडाळून कपाटात ठेवते."

रविवारी लेक आपला व्हिडिओ गेम घेऊन आली. टीव्हीला तारा जोडल्या, बापाच्या हातात रिमोटसारखं पण दोन मुठींचं एक यंत्र दिलं आणि समजावून सांगू लागली.

"बाबा, ही एक गोष्ट आहे आणि गोष्टीचा नायक तुम्ही. तुमच्या बहिणीला एका दुष्ट सरदारानं गडावर कैद केलंय. तुम्ही तिला सोडवायचं. पण घाई नाही हं, ह्यात अख्खं जग आहे, कुठंही फिरता येतं. काही चुकलं तर मागेही जाता येतं."

"केवढं जग?"

"खूप मोठं."

"खूप म्हणजे किती?"

लेकीनं कपाळाला हात लावला आणि खेळ सुरू करून दिला.

पडद्यावर गडाच्या खिडकीत एक मुलगी दिसली. "दादा, लवकर ये!" असं काहीसं ओरडली, आणि शिपायांनी तिला आत ओढलं. मग मोजणीदारांसमोर एक घोडा आला, एक तलवार आली आणि एक नकाशा आला. नकाशा जवळजवळ कोरा होता. जिथं जाल तेवढाच भाग भरत जाणार, असं लेकीनं सांगितलं.

इथंच घात झाला. चौतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाला कोरा नकाशा दाखवणं म्हणजे मांजरापुढे दुधाचं पातेलं उघडं ठेवणं. गड उत्तरेला होता. मोजणीदारांनी घोड्याला दक्षिणेकडे वळवलं.

पहिल्या दिवशी ते चौदा वेळा कड्यावरून पडले. प्रत्येक वेळी उठून "उतार चुकीचा दाखवलाय," म्हणाले. दुसऱ्या दिवशी घोडा नदीत घातला. पण आठवड्याभरात बोटं सरावली, आणि मग मांडीवर चौकटीची वही आली, कानावर पेन्सिल आली. पुलापासून गिरणीपर्यंत चारशे दहा टापा. गिरणीपासून देवराईपर्यंत सहाशे पंचवीस. वाटेत दरोडेखोर आडवे आले तर मोजणीदार त्यांच्याशी लढत नसत. आकडा विसरायला होतो म्हणून घोडा सरळ दामटत. एकदा त्यांनी लेकीला कामाच्या वेळेत फोन केला.

"गिरणीजवळ ओढा चढावर वाहतोय. ह्याची तक्रार कुठं करायची?"

"बाबा, मी मीटिंगमध्ये आहे."

"बरं, पण लिहून घे. गिरणीच्या पूर्वेला."

पडदेबाईंची पाठ टीव्हीकडे असायची. त्या खेळ बघत नव्हत्या, पण कान तर बंद करता येत नाहीत. मशीन चालवता चालवता गोष्ट त्यांच्या कानावर पडत राहिली आणि कधी आत शिरली ते त्यांनाही कळलं नाही. एका दुपारी त्यांनी मशीन थांबवलं.

"अहो, बहिणीचं काय झालं?"

"कुणाच्या?"

"तुमच्या! गडावर कोंडलीय ना ती?"

"तिला काय झालंय? आहे तिथंच आहे."

"तीन आठवडे झाले! सख्खी बहीण 'दादा, दादा' म्हणून टाहो फोडतेय आणि तुम्ही झाडं मोजताय. माझी नणंद लागते ती. मला तिची काळजी आणि तुम्हाला नाही?"

"आधी दक्षिण पुरी होऊ दे."

"आणि वाटेत भेटलेल्या त्या वैदूबाईला औषधाची मुळी आणून देणार होता. तिचा नातू तापानं फणफणलाय."

"तो गेल्या मंगळवारपासून फणफणलाय. तेवढाच फणफणतो. वाढत नाही."

"माणूस आहात की दगड!" पडदेबाईंनी खुर्ची फिरवली आणि त्या दिवसापासून मशीनचं तोंडच टीव्हीकडे केलं. पडदे शिवून होत होते, पण शिवण जराशी वाकडी येऊ लागली. गोष्टीत रडायचा प्रसंग आला की हमखास.

बायकोच्या धाकानं मोजणीदारांनी मुळी पोचवली. नातू उठून बसला. वैदूबाईनं खूश होऊन सांगितलं, की डोंगरापलीकडच्या गावात दोन भावांचं भांडण पेटलंय, ते मिटवलंत तर गडाची चोरवाट तिथला पाटील दाखवेल. मोजणीदार त्या गावी गेले. बघतात तर काय, भांडण शेताच्या हद्दीचं! थोरला म्हणे, धाकट्यानं हद्दीचा दगड रातोरात सरकवला. धाकटा म्हणे, दगड बापानं ठेवला तिथंच आहे.

मोजणीदार खुर्चीत सरळ बसले. "आता आलं आपलं काम," म्हणाले.

पण खेळानं विचारलं एवढंच, की शेत थोरल्याला द्यायचं की धाकट्याला? खाली दोनच उत्तरं होती.

"हे काय? फेरमोजणी कुठंय? पंचनामा कुठंय? दोघांना समोरासमोर उभं करून..." मोजणीदारांचा आवाज चढला. त्यांनी उत्तर दिलंच नाही. दोन दिवस शेताच्या कडेनं चालत राहिले. घोडा सोडून पायी, एकेक पाऊल मोजत. नांगरटीचे तास बघितले, कुंपणाचे खुंट बघितले. शेवटी दगड खरोखर सरकवलाय, असा त्यांनी निकाल काढला आणि शेत थोरल्याला दिलं. धाकटा बायकोपोरं, शेळ्या घेऊन गाव सोडून निघाला. सगळ्यात मागून त्याची लहान मुलगी चालत होती.

"परत जा," पडदेबाई म्हणाल्या. डोळ्याला पदर होता. "लेक म्हणाली होती ना, मागे जाता येतं म्हणून. जा."

मोजणीदार मागे गेले. शेत धाकट्याला दिलं. थोरल्यानं धाकट्याच्या गवताच्या गंजीला आग लावली आणि शिपाई त्याला बांधून घेऊन गेले. पुन्हा मागे गेले. पुन्हा दोघे भाऊ समोर उभे, पुन्हा तीच दोन उत्तरं.

मोजणीदारांनी यंत्र खाली ठेवलं. वहीही मिटली. मग म्हणाले, "तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही."

पडदेबाई घाबरल्या. संसाराच्या पस्तीस वर्षांनंतर नवऱ्यानं असं सुरू केलं, की कुठल्याही बाईला एकच प्रश्न सुचतो. "कोण होती?" त्यांनी विचारलं.

"कोण कशाला असेल? शेत होतं."

नोकरीचं दुसरं वर्ष. दोन शेजारी, नऊ वर्षांचं भांडण. उन्हाचा कडाका असा, की मोजता मोजता त्यांना चक्कर येऊन ते बांधावर पडले. लोकांनी पाणी मारून उठवलं. त्यांनी कशीबशी मोजणी उरकली, दगड रोवला आणि संध्याकाळी कचेरीत नकाशा काढायला बसले. नकाशा जुळेना. पाच मीटर कुठेतरी हरवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांना कागद हवा होता. नवी नोकरी, पुन्हा जाऊन मोजतो म्हणायची हिंमत झाली नाही. त्यांनी पाच मीटर इकडेतिकडे वाटून नकाशा जुळवून टाकला.

"दगड चुकीच्या जागी आहे," मोजणीदार म्हणाले. "अडतीस वर्षं. त्याच्यापायी तिथं काय झालं असेल, कुणी गाव सोडलं असेल का, कुणाची डोकी फुटली असतील का... मी कधी त्या बाजूला फिरकलोही नाही."

पडदेबाईंनी मशीनवर झाकण घातलं. "गुडघा बरा होऊ दे. जाऊन येऊ," एवढंच म्हणाल्या.

सातव्या आठवड्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रोज अर्धा तास चालायला परवानगी दिली, आणि आठव्या आठवड्यात दोघं सकाळच्या बसनं निघाली. मोजणीदारांच्या हातात काठी, पडदेबाईंच्या पिशवीत डबा आणि गुडघ्याचं मलम. वाटेत मोजणीदारांनी माफीची चार वाक्यं जुळवली होती. ती प्रत्येक थांब्यावर कमी होत गेली. उतरताना एकच उरलं होतं.

शेत तिथंच होतं. दगडही तिथंच होता, फक्त वरून गुळगुळीत झालेला. आणि त्यावर एक ऐंशीच्या घरातली म्हातारी पाय सोडून शेंगा सोलत बसली होती. मोजणीदारांनी घसा खाकरून आपण कोण ते सांगितलं. म्हातारीनं डोळे बारीक केले.

"उन्हात आडवा झाला होतास, तोच का तू? काटकुळा? मी पाणी मारलं होतं तुझ्या तोंडावर!"

"हो. आजी, मी तेव्हा... हा दगड चुकलाय. पाच मीटर."

"मग? आम्हाला काय माहीत नाही?"

मोजणीदारांच्या हातून काठी सुटली.

"तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी आणि शेजाऱ्यानं दोरी लावून मोजलं," म्हातारी शेंग फोडत म्हणाली. "पाच मीटरची चूक निघाली. नऊ वर्षांत दोघं पहिल्यांदा कशावर तरी एक झाले. तुला शिव्या घालण्यावर. दिवसभर मिळून शिव्या घातल्या. संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओसरीवर जेवले. म्हणाले, आता तक्रार केली तर दुसरा मोजणीदार येईल, तो आणखी भलतीकडे रोवेल. राहू दे. राहिला."

"म्हणजे भांडणं नाही झाली?"

"झाली की. कोंबड्यांवरून झाली, पोरांवरून झाली. दगडावरून नाही झाली."

अडतीस वर्षांचं ओझं असं शेंगेच्या टरफलासारखं बाजूला पडलेलं बघून मोजणीदारांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या आत कुठंतरी एक कारागीर दुखावला गेला होता. दोरीनं मोजलं म्हणे! दोरी ताणते, ओली असली तर आक्रसते. त्यांना राहवेना. त्यांनी काठी उचलली, बांधाच्या टोकाला गेले आणि ओठ हलवत पावलं टाकू लागले.

"अहो, नका," पडदेबाई म्हणाल्या. पण गाडी सुटली होती.

दहा मिनिटांत शेजारच्या शेतातून एक माणूस आला. मग म्हातारीचा मुलगा आला. मग दोन सुना आल्या.

"हे कोण? काय मोजतायत?"

"मोजणीदार आहेत," म्हातारी कौतुकानं म्हणाली.

"मोजणी? कुणी बोलावलं यांना? तुम्ही बोलावलं?" शेजारी म्हातारीच्या मुलावर उखडला.

"आम्ही कशाला बोलावू? तुम्हीच बोलावलं असणार! परवा विहिरीकडे बघत होता तेव्हाच मी म्हटलं!"

"विहिरीचं नाव काढू नका हं, सांगून ठेवतो!"

आवाज वाढले. बाह्या सरसावल्या. अडतीस वर्षांत जे झालं नाही ते आता डोळ्यांदेखत होणार, हे बघून मोजणीदारांची पाचावर धारण बसली. आणि इथं मागे जायची सोय नव्हती. ते एकशे सतराव्या पावलावर थबकले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, टाक्यांची लांबलचक खूण सगळ्यांना दाखवली आणि मोठ्यानं म्हणाले, "मी मोजत नाहीये! डॉक्टरांनी चालायला सांगितलंय!"

सरसावलेल्या बाह्या खाली आल्या. सुना खाली वाकून टाके बघू लागल्या.

"किती टाके?" शेजाऱ्यानं विचारलं.

"बावीस."

"माझ्या मेहुण्याला अठ्ठावीस पडले."

तिथून बोलणं गुडघ्यांवर गेलं आणि गुडघ्यांवरच राहिलं. म्हातारीनं आपलेही दाखवले. पडदेबाईंनी पिशवीतलं मलम काढून दिलं. तासाभरानं दोन्ही घरची माणसं त्या दोघांना बसपर्यंत सोडायला आली.

बस सुटल्यावर मोजणीदारांनी खिडकीतून हात हलवला. मग बायकोच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "पाच नाहीत. तीनच मीटर चुकलाय. त्यांची दोरी ओली असणार."

"गप्प बसा," पडदेबाई म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं.